गाळा म्हणणारं गिऱ्हाईक

—नाही, बसा ना, स्टूल गिऱ्हाइकासाठीच आहे. तुम्ही गिऱ्हाईक आहात की नाही, तेवढंच अजून ठरायचंय. म्हणजे बघा, आत आलात, आधी छताकडे पाहिलंत, मग मागच्या भिंतीकडे, आणि म्हणालात, ‘छान गाळा आहे.’ गाळा. बटणं घ्यायला आलेला माणूस दुकान म्हणतो हो. छान दुकान आहे, निळी बटणं आहेत का — असं. गाळा कोण म्हणतं? घेणारा म्हणतो, नाहीतर विकणारा. — हसताय. हसा. मीपण हसतच बोलतेय.

हॉटेलातच उतरलात ना? ते कोपऱ्यावरचं, जुन्या छापखान्याचं केलेलं — मोजक्याच खोल्या, प्रत्येक खोलीला वेगळा रंग. हातातल्या नकाशावरून कळलंच. दाखवा बघू. हं, तोच. सकाळी संग्रहालय, मग निळ्या घुमटाचं प्रार्थनाघर, मग वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांचा चौक, आणि शेवटी आम्ही — ‘परदेशी लोकांचा रंगीबेरंगी बाजार’. परदेशी कोण? माझे पणजोबा बोटीतून आले, मान्य. पाट्या दोन लिप्यांत आहेत, तेही मान्य. पण मी याच गल्लीत जन्मले, इथल्याच कॉलेजात शिकले, इथल्याच रांगेत उभी राहून मत देते. परदेशी तर तुमचं हॉटेल आहे, त्याचा मालक कुठे राहतो ते त्याच्या मॅनेजरलाही ठाऊक नाही. — नाही, चिडले नाहीये. माझा आवाजच असा आहे, वहिनी म्हणते तुला भोंग्याची गरज नाही.

पाहुणे येतात त्याचं काही नाही. बटणांच्या खणांचे फोटो काढतात, शिंपल्याचं एखादं बटण घेतात, जातात. पण पाहुण्याची नजर मालावर असते. तुमची भिंतीवर आहे. मघाशी बोटांनी ठोकूनसुद्धा पाहिलीत — सहज? सहज कोणी भिंत ठोकतं का? पलीकडे घड्याळवाले काका आहेत, मधली भिंत पाडली की ऐसपैस जागा होते, एवढं मलाही कळतं. काय करणार तिथे? कॉफीची टेबलं? आणि वर आमचेच फोटो टांगणार, इथे पूर्वी बाजार होता म्हणून?

ऐका, उगाच वेळ घालवू नका. गल्लीतलं कोणीही विकणार नाही. मी स्वतः दारोदार फिरलेय. घड्याळवाले काका तर तयारच झाले होते, मुलगी बोलावतेय म्हणे — त्यांच्याशी भांडले, रडले, शेवटी म्हटलं, काका, आमचं दुकान हललं तर तुम्ही खुशाल जा. तेव्हा कुठे थांबले. सगळेच त्या एका भरवशावर थांबलेत — बटणवाले हलणार नाहीत. म्हणजे मी हलणार नाही. — मालक? मालक दादा आहे. कागदोपत्री. बाबांनी त्याच्या नावावर केलं, मी तेव्हा कॉलेजात, मला काय माहीत की मीच इथे येऊन बसणार आहे? आणि त्याने काय फरक पडतो? दुकान मी चालवते. दादा मला विचारल्याशिवाय — नाही, सही त्याची एकट्याची चालते, माझी लागत नाही, पण तो तसा नाहीये. वहिनीला मोठं घर हवंय, ते कोणाला नको असतं? आणि हल्ली तोही गाळा म्हणायला लागलाय, पण ते काय, तोंडात बसतो एखादा शब्द, कुठेतरी ऐकला असेल, कोणीतरी सारखं म्हणत असेल त्याच्यासमोर… हे मी तुम्हाला का सांगतेय? तुम्ही धड काही विचारतही नाही, आणि मी आपली बोलतेय. हीच पद्धत असते का तुमची — स्टुलावर बसायचं आणि गप्प राहायचं?

हा बघा, आलाच तो. तो काय, चौकातून, पिशवी घेऊन. आता त्यालाच विचारा, माझ्यासमोर विचारा, म्हणजे एकदाचं मिटेल. दादा — अरे दादा, इकडे — ऐकू आलं नाही वाटतं. नाही, पाहिलं त्याने. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. आणि पुढे गेला. आपल्याच दुकानावरून, मान खाली घालून, सरळ — तिकडे तर गल्ली संपते. तिकडे काय काम त्याचं?

तुम्ही का खाली बघताय?

…

उठा. नाही, काही सांगू नका, आतापर्यंत बोलला नाहीत तेच बरं होतं. आणि हळू उठा, स्टुलाचा आवाज करू नका. पलीकडे काका मान खाली घालून काम करतायत. त्यांनी वर बघायच्या आत निघा.