सातवा पाळणा

—नाही नाही मॅडम, ते सील राहू द्या हातात, आधी माझं ऐका तर! मागच्या महिन्यात तुमच्या तपासणी खात्यानं नोटीस दिली, ती मी फेकली का? छे! चांगली आरसेघरात टांगली, त्या जाड्या करणाऱ्या आरशासमोर. 'तात्काळ बंद' ही अक्षरं अशी फुगली, अशी फुगली, की लोक पोट धरधरून हसले. हसा की थोडं. नाही? बरं.

तर हा आमचा आकाशपाळणा. बारा पाळणे, तीस वर्षं मीच फिरवतोय. शाळा चौथीपर्यंत, पण नुसत्या कुरकुरीवरून सांगेन कुठं ग्रीस हवंय. हा बंद झाला तर मी कोण? गेटापाशी उभा एक म्हातारा, बस. आणि माझी गंमत ठाऊकाय ना सगळ्यांना? ऐन वर गेला की मध्येच थांबवतो, भोंग्यावरून ओरडतो, "ज्यानं बायकोला थाप मारलीय त्यानं हात वर करा, मगच खाली घेतो!" खालून हशा, वरून किंकाळ्या. मी थांबवतो म्हणजे— थांबतो तो. ब्रेक धरतो मधूनच. पण लोकांना मस्करी वाटते ना, मग झालं तर! काय लिहिताय? ते नका लिहू, ते आपलं बोलण्याच्या ओघात—

असं करा, कागद ठेवा बाजूला, गेट उघडायला वेळ आहे, एक फेरी मारा. बसा की, कुठल्याही— अहो, त्यात नको! सातात नको! आठात बसा, आठाची गादी नवीय— उतरा. उतरा म्हणतो ना!

का उतरायचं? का म्हणजे— त्या दाराची कडी— हां, तारेनं बांधलीय. वरून रंग मारलाय. तुम्हालाही कुठं दिसली? नवी मागवायचीच होती. रिकामा? गर्दीत रिकामा कसा फिरवणार, मॅडम? फक्त घरच्यांना तेवढं बसू देत नाही— नात आहे माझी, सहा वर्षांची, रोज हट्ट धरते सातात बसायचा, त्यावर घोडा रंगवलाय म्हणून. मी सांगतो, त्यात भूत आहे गं.

काल एक बाई बसली तिथं, मांडीवर पोरगी. ऐन वर अडकला. मी भोंग्यावर सुरू, खाली सगळे हसतायत— ती नव्हती हसत. एका हातानं पोरगी, दुसऱ्या हातानं दार आत ओढून धरलेलं. मला दिसत होतं की, दिसत होतं. तरी मी आणखी एक विनोद सांगितला. खाली आल्यावर पोरगी म्हणाली, "आजोबा, मज्जा आली!" तिच्या आईनं माझ्याकडं नुसतं बघितलं. तुम्ही बघताय ना आत्ता, तसंच.

आणा ते सील. पळत नाही हो घेऊन— मोटारीच्या पेटीचं झाकण नीट बसत नाही, मी दाबून धरतो, तुम्ही लावा. घट्ट. अजून. हां.

झालं? निघा आता. आणि तो भोंगाही घेऊन जा.