तीन नंबरनं मान हलवली

मी, खाली सही करणारी, वय छत्तीस, धंदा नोकरी, रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका, राहणार रुग्णालयामागची कर्मचारी वसाहत, तळमजला, पती आणि सासूबाईंसह, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की:

माझे पती रंगाच्या कारखान्यात टाक्या साफ करणाऱ्या टोळीचे मुकादम आहेत. माझा धाकटा भाऊ त्याच टोळीत आहे. त्याला तिथं यांनीच लावलं, मी शब्द टाकला म्हणून. गेल्या सोमवारी दुपारी टाकीतल्या वाफेनं भाऊ आत कोसळला. पतींनी त्याला दोरानं बाहेर ओढलं, त्यात त्यांच्या अंगावरही रसायन उडालं. ओढलं त्यांनीच, ते खोटं नाही, तेही लिहा. दोघांना आमच्याच रुग्णालयात आणलं. भाऊ अजून बेशुद्ध आहे, घशात नळी आहे.

पतींनी आपल्याकडे जबाब दिला आहे की भाऊ दारू पिऊन आला होता आणि त्यांचं न ऐकता, मास्क न लावता टाकीत उतरला. म्हणजे भाऊ शुद्धीवर आलाच तर पहिली तुमची नोटीस त्याच्या हातात पडणार. त्याच जबाबात त्यांनी असंही सांगितलं आहे की, "दवाखान्यात पोचल्या पोचल्या मला धुणाऱ्या बाईला मी हेच सांगितलं होतं. तिच्या छातीवर तीन नंबर होता. तिला विचारा." म्हणून आपण तीन नंबरला बोलावलं. ती मी. हे माझ्या पतींना माहीत नाही.

हवालदारांनी विचारलं की बायकोच समोर उभी असून नवऱ्यानं ओळखलं कसं नाही. म्हणून आधी पोशाखाचं सांगते. अंगावर रसायन असलेल्या माणसाला इमारतीत घेण्याआधी बाहेरच्या मांडवात धुतात. आमच्यात त्याला धुणंच म्हणतात, हसू नका. धुणाऱ्यानं अंगभर प्लास्टिकचा पोशाख घालायचा, एकावर एक हातमोज्यांच्या दोन जोड्या, गुडघ्यापर्यंत बूट. मनगटं आणि घोटे चिकटपट्टीनं बंद करायचे. डोक्यावरून खांद्यापर्यंत टोप असतो, त्याला पुढं काच, आणि कमरेला एक पंखा, तो गाळलेली हवा आत सोडतो. हे सगळं एकट्यानं घालता येत नाही. घालायला एक माणूस लागतो आणि काढायलाही तोच लागतो. माझ्याबरोबर मावशी होत्या. त्या आमच्या वॉर्डातल्या जुन्या आया, नात्यानं कुणी नाहीत. त्यांनी चिकटपट्टीचं प्रत्येक टोक दुमडून त्याला कान ठेवला, म्हणजे नंतर ओढायला सापडतो. मग माझ्या छातीवर आणि पाठीवर पट्टी लावून त्यावर तीन आकडा लिहिला. पोशाखात आम्हाला नाव नसतं.

त्या दिवशी माझी ड्यूटी खरं तर वॉर्डात होती आणि घरी मी तसंच सांगून निघाले होते. पोशाख घालण्याआधी रक्तदाब मोजतात. जिची पाळी होती तिचा जास्त निघाला, म्हणून तिला थांबवून मला बोलावलं. बाहेर कोण आलंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्यातले दोन जण आहेत, एक स्ट्रेचरवर आणि एक चालता, एवढंच कळलं. कारखाने काय गावात एकच आहे का? चालत्या माणसाची रांग माझ्याकडे होती. स्ट्रेचर शेजारच्या पडद्याआड दोन नंबर धूत होता.

चालता माणूस आत आला तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते आणि तोंडावर काळपट रसायन होतं. मी नेहमीसारखी कात्री घेतली. कपडे डोक्यावरून काढायचे नसतात, गळ्यापासून खाली कापायचे असतात. शर्टाचं वरून दुसरं बटण हिरव्या दोऱ्यानं शिवलेलं होतं. शर्ट पांढरा. पांढरा दोरा संपला होता म्हणून ते बटण त्याच सकाळी हिरव्यानं मी शिवलं होतं, हे अंगात शर्ट घालून उभे असताना. कात्री त्या बटणाच्या बाजूनं गेली. माझे हात थांबले नाहीत. पाणी सोडलं, डोकं आधी धुतलं, मग मान. मनात म्हटलं, बरं झालं, माझ्याच हाताखाली आले.

पोशाखातून बोलता येत नाही, म्हणजे बोललं तरी रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं बाहेर जातं. म्हणून आम्हाला शिकवलेलं आहे की रुग्ण काहीही बोलो, मान हलवायची. मोठी, दिसेल अशी. त्यानं माणूस घाबरत नाही. मी सगळ्यांना मान हलवते. मागच्या वेळी एकानं विचारलं, मी मरणार का, त्यालाही हलवली होती. नंतर मावशींनी माझी चांगलीच हजेरी घेतली.

डोळे धुऊन झाल्यावर यांनी ते उघडले आणि माझ्या काचेकडे बघितलं. काचेवर पाणी होतं. पंख्याच्या आवाजात मला ऐकू जाणार नाही असं वाटून ते माझ्या टोपाशी तोंड आणून ओरडून बोलू लागले. पलीकडे स्ट्रेचरवर पाण्याचा मारा चालू होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसावं. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

पहिल्यांदा ते म्हणाले, "ताई, तो पडद्यापलीकडचा पोरगा बोलेल का?" जगेल का, असं विचारलं नाही. मी मान हलवली. मग म्हणाले, "मीच उतरवलं त्याला. नको म्हणत होता. धड मास्क एकच, तो माझ्या तोंडावर. दुसऱ्याचा पट्टा महिनाभर तुटलेला. म्हटलं श्वास धर आणि उतर, दोन मिनिटांचं तर काम आहे." मी मान हलवली. तोवर मला वाटत होतं की टोळीतलं कुणी परकं पोर असेल. पुढं म्हणाले, "त्याची बहीण इथंच नोकरीला आहे. तिला कळू देऊ नका." त्याची बहीण म्हणाले. माझी बायको म्हणाले नाहीत. तेव्हा मला कळलं की पलीकडे माझा भाऊ आहे.

हवालदार विचारतात की तेव्हा बोलला का नाहीत. खरं सांगते, "अहो, मी आहे," एवढं तरी म्हणायचं. नाही म्हणता आलं. मग त्यांनी शेवटचं सांगितलं, "कुणी विचारलं तर सांगा, तो पिऊन आला होता, ऐकलाच नाही. मी आल्या आल्या हेच ओरडत होतो म्हणून सांगा. सांगाल ना?" मी मान हलवली. आता ती शिकवल्याप्रमाणे हलवली, की मान आपोआपच हलत होती, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "देवासारख्या भेटलात." मग मी त्यांची पाठ धुतली. बोटांच्या बेचक्या धुतल्या, नखं धुतली. चादर दिली आणि आत पाठवलं.

माझा भाऊ दारूला शिवत नाही. चहा जरा कडक झाला तरी तोंड वाकडं करतो. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, यांना तर सगळ्यात जास्त. त्यावरून यांनीच त्याला "काकू" असं नाव ठेवलं होतं.

मला पडदा ओलांडून भावाकडे पळत जायचं होतं. पण अंगावर रसायन घेऊन त्याच्याकडे गेले असते तर ज्यानं तो पडला तेच पुन्हा त्याच्याजवळ नेलं असतं. म्हणून मी पोशाख उतरवायच्या जागी गेले. आधी मावशींनी मला पोशाखासकट धुतलं. मग एक एक कान धरून चिकटपट्ट्या ओढल्या. बाहेरचे हातमोजे काढले. पोशाख खांद्यापासून खाली गुंडाळत न्यायचा असतो, उशीचा अभ्रा उलटा करतात तसा, बाहेरची बाजू कुठं लागता कामा नये. मी हात पसरून उभी होते आणि रडत होते. टोपात नाक पुसता येत नाही, ते तसंच ओठावर येत राहतं. मावशी म्हणाल्या, "थांब गं बाई, हलू नकोस. आता चुकलीस तर सगळं मुसळ केरात." मग बूट, मग टोप, शेवटी आतले हातमोजे. मावशींनी माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "कोण होतं गं?" मी म्हटलं, "माझं माणूस." कुठलं, ते सांगितलं नाही. मी एकही पायरी चुकवली नाही. त्याचा मला आता राग येतो.

नंतर आंघोळ करून, कपडे बदलून मी आत गेले. भावाजवळ सोडलं नाही, काचेतून बघू दिलं. मग यांच्या खाटेजवळ गेले. मला बघताच हे हुंदके देऊन रडायला लागले. माझा हात धरून म्हणाले, "नको नको म्हणत होतो गं मी. घेऊन आला होता थोडी. ऐकतो का तो कुणाचं? तुला काय तोंड दाखवू?" माझे केस ओले होते. ड्यूटीच्या मधोमध केस ओले का, हे त्यांनी विचारलं नाही. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेला धरला तो हात, त्याची नखं, मीच घासून स्वच्छ केलेली होती. पेला रिकामा होताच तो घेऊन मी बाहेर गेले.

खाटेवर पडल्या पडल्या ते एकदा जरी म्हणाले असते, "माझ्या हातून चूक झाली, तुझ्या भावाला मी उतरवलं," तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. कदाचित आज इथं आले नसते. मी तीन दिवस वाट बघितली. डबा नेला, पाय चेपले, आणि वाट बघितली. रोज त्या गोष्टीत दारू वाढत गेली. आधी थोडी होती, मग अर्धी बाटली झाली. काल तर भाऊ टाकीपाशी झोकांड्या खात होता.

ठाण्यात जाते असं आज सासूबाईंना सांगितलं. का, ते सांगितलं नाही, पण त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची, सूनबाई. तुझा भाऊ तर निजलाय, त्याला काय कळतंय? जागा आहे तो माझा मुलगा." त्यांचं वय झालं आहे आणि त्यांचा तो मुलगा आहे, म्हणून मी उलट बोलले नाही. चपला घातल्या आणि निघाले. निजलेल्याच्या नावावर काहीही खपवायचं, हा कुठला न्याय? हे माझं म्हणणं आहे, लिहायचं तर लिहा.

त्या दिवशी तीन नंबर मी होते, याला मावशी साक्षीला आहेत. आकडा त्यांच्याच हातचा आहे. यांना माझ्यासमोर बसवून विचारायचं असेल तर माझी तयारी आहे. मी हेच सांगेन. दुसरा मास्क, तुटक्या पट्ट्याचा, कारखान्यात कुठं तरी असेलच, तो बघावा अशी विनंती आहे.

यांनी मला हात जोडून सांगितलं होतं की त्याच्या बहिणीला कळू देऊ नका. तीन नंबरनं आजवर कुणालाही काही सांगितलेलं नाही. आज इथं बोलतेय ती त्याची बहीण आहे.

वरचा सगळा मजकूर हवालदारांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे, खरा आहे, कुणी माझ्यावर जोर केलेला नाही. एका ठिकाणी त्यांनी "मान हलवून होकार दिला" असं लिहिलं होतं. त्यातलं "होकार दिला" मी खोडायला लावलं, मान हलवली ते राहू दिलं. खोडलेल्या जागी माझी सही आहे.