विसाव्या मजल्यावर ठरलं

नाही, पण मला एक सांगा, विमान काय माझ्या अंगणात उतरत होतं? मग ते बंद झाल्यावर माझं अंगण ओस का पडावं? तुम्हाला सांगतो, माझी लॉन्ड्री! रोज सव्वादहाच्या विमानातून साठ ब्लँकेटं यायची... निळी, मऊ, अजून कोमट! धुऊन दोरीवर टाकली की वाटायचं, साठ माणसांच्या झोपा वाऱ्यावर डुलतायत. आयुष्यात कधी विमानात पाय ठेवला नाही हो, पण त्या ओळींमधून चालताना... ढगांतून चाललोय, खाली नद्या दिसतायत... की बायको ओरडायचीच, "अहो, तरंगून झालं असेल तर इस्त्री तापलीय!"

आणि एक दिवस बातमी. उद्यापासून आमच्या गावचं विमान बंद! कुठे ठरलं? कंपनीच्या हापिसात, विसाव्या मजल्यावर! आमच्या गावात तिसरा मजला असलेली इमारत नाही!

बरं, थांबलं काय, फक्त विमान? पाहुणे नाहीत म्हणून लॉजवाल्याच्या चादरी नाहीत, चादरी नाहीत म्हणून माझ्याकडे कामाला येणाऱ्या दोघी घरी, त्या घरी म्हणून शिंप्याचं मशीन गप्प... टॅक्सीवाला तर गाडीतच झोपतो. म्हणतो, "उठवू नका भाऊ, स्वप्नात भाडं मिळालंय." तरी सव्वादहा वाजले की न्हाव्याचा वस्तरा गालावर थबकतो, अख्खी गल्ली वर बघते... निळंशार, रिकामं आभाळ! कुठे ठरलं? विसाव्या मजल्यावर!

शेवटी बायको म्हणाली, "चला, भेटूच त्यांना." नऊ तास बस! वर पोचलो तर काय... सगळीकडे काचा, शांतता, पायाखाली गालिचा की धुकं, कळेना. साहेब गोड माणूस हो! म्हणाले, "काका, आकडे बसत नाहीत."

बायको म्हणाली, "आकडे बसले नाहीत, साहेब, पण आमचं गाव बसलं!"

साहेब उठून खिडकीशी गेले. मग हळूच म्हणाले, "तुमच्या त्या ब्लँकेटांत काय गाढ झोप लागायची मला... घरीसुद्धा लागत नाही."

माझे डोळेच भरले! विमान नाही दिलं, पण काम दिलं... अख्ख्या विसाव्या मजल्याचे पडदे, दर महिन्याला! अट एकच, सकाळी न्यायचे, संध्याकाळी परत.

मी म्हटलं, "पण साहेब, बसला नऊ तास..."

"बसने कशाला, काका?" साहेब हसले, "विमानाने न्या ना!"

बायकोने माझ्याकडे बघितलं, मी बायकोकडे... आणि काय करता, 'बरं' म्हणालो!