जप्तीच्या रेतीवर बसल्याबाबत

मी चांदबी शेख युसूफ, वय ६१ वर्षे, धंदा चहाची टपरी, राहणार वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलडाणा. समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे :

माझी टपरी पोलीस ठाण्याच्या फाटकासमोर आहे. आवारात रेतीचा धंदा करणाऱ्या अर्जुनरावांच्या ट्रॅक्टरमधून जप्त केलेल्या रेतीचा ढीग आहे. हिवाळ्यात एकजण पोत्यात नदीचं कासव घालून विकताना सापडला. वनखात्याचे लोक येईपर्यंत कासव आवारात टपात ठेवलं होतं. पहाटे मी चहा घेऊन आले तर टप रिकामा आणि कासवबाई ढिगावर! मागच्या पायांनी खड्डा करून तिनं आवळ्याएवढी पांढरी अंडी घातली, रेती ओढून घेतली आणि काही घडलंच नाही अशी खाली उतरली.

वनरक्षक छायाताईंनी तिला वान नदीत सोडलं. मऊ पाठीचं हे कासव आता क्वचितच दिसतं, असं त्या म्हणाल्या. अंडी हलवली तर आतलं पिल्लू मरतं, महिने लागले तरी ढीग तसाच राहू द्या, असंही म्हणाल्या. त्यांचं पत्र निघालं आहे, अजून पोचलेलं नाही. हवालदार जीवनभाऊ म्हणाले, "चाची, तुले चहाच्या वाफेत अंडे दिसले." तेव्हापासून त्या ढिगावरून मी कुत्री हाकलली, मुंगूस हाकललं, एकदा जीवनभाऊंनाही हाकललं. त्याबद्दल माफी मागत नाही.

आज अर्जुनराव रेती परत देण्याचा कोर्टाचा आदेश, ट्रॉली आणि फावडेवाले घेऊन आले. मी अंड्यांची जागा सोडून ढिगावर बसले.

"चाची, उठा न. रेती माही आहे."

"रेती तुही, अंडे तुहे नाहीत. मी काऊन उठू?"

"सरकारी कामात अडथळा होऊन राह्यला," जीवनभाऊ म्हणाले.

"होऊ द्या. सरकार उद्या बी राहीन, पिल्लं राहणार नाहीत."

मग मला आत आणून ठाण्यातल्या शिपाई पूनमताईंनी हा जबाब लिहायला घेतला. इथवर सांगताना माझा जीव खिडकीत होता. एक फावडं पडलं की संपलं.

तेवढ्यात बाहेरून अर्जुनराव ओरडले, "थांबा बे! फावडं ठेव खाली! चाची, भायेर या!"

माझ्याआधी पूनमताई पळाल्या, पेनासकट. रेती हलत होती. आधी एक टोकदार नाक वर आलं, मग दुसरं, मग मोजायचं भानच राहिलं नाही. अर्जुनराव उकिडवे बसून तळहातावर पिल्लू घेऊन म्हणत होते, "ओ माय वं, हे त मलेच चावून राह्यलं!" आणि खदाखदा हसत होते. मी रडले, हसले, टाळ्या वाजवल्या. जीवनभाऊंनीही वाजवल्या. हे लिहू नका असं ते म्हणाले, मी लिहायला लावलं.

छायाताईंनी फोनवर सांगितलं, आपापली बाहेर येऊ द्या, आलेली नदीवर न्या. सगळी निघेपर्यंत ढिगाला हात लावणार नाही, असं अर्जुनराव न विचारताच बोलले. निघालेली पिल्लं त्यांनी घमेल्यात ओल्या रेतीत ठेवून स्वतः ट्रॉलीत चढवली. नदीतून रेती आणणारे ट्रॅक्टर मी जन्मभर पाहिले. रेती घेऊन नदीकडे निघालेला आज पहिल्यांदा पाहते आहे.

हा जबाब मला ट्रॉलीशेजारी उभ्यानं वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे आणि खरा आहे. अंगठा लवकर घ्या, मलाही ट्रॉलीत बसायचं आहे.