हिवराखालची साखळी

ऐका रे. जरा आत सरका, आणि मधूनमधून हुंकार देत चला. नुसते आ वासून बसलात तर मी काय भिंतीशी बोलू?

माळाच्या पल्याड बोरखिंड आहे ना, तिथली गोष्ट. सर्जेराव काटकर म्हणून एक गडी होता. नवा बंगला बांधला, बंगल्याला लोखंडी गेट केलं, आणि गेटाला शोभा म्हणून धनगरी कुत्र्याचं पिल्लू आणलं. मेंढरांत जन्मलेलं, मेंढरांत लोळलेलं! कुत्रं वाढलं ते वासराएवढं. आणि दिवसरात्र साखळीला. ना मोकळं फिरवणं, ना अंगावरनं हात फिरवणं. भाकर टाकायची तीही लांबून. मग चिडकं झालं. होणारच की! माणूस बांधला तरी पिसाळेल. एक दिवस साखळी तोडून त्यानं सर्जेरावाच्या सख्ख्या मेव्हण्याला गेटातच आडवा केला. मांडीला टाके पडले.

बायको म्हणाली, "आज माझ्या भावाला धरलं, उद्या पिंकीला धरंल. घरात एकतर ह्ये ऱ्हाईल, न्हाईतर मी." पिंकी त्यांची पोर, लहानगी.

झालं. पोरीला निजवून सर्जेराव अंधार पडल्यावर कुत्रं टाकायला निघाला. उजेडी कसा जाईल? लोक बघतील ना! माघारी येऊ नये म्हणून खिंडीतल्या हिवराच्या झाडाला साखळी आवळून बांधली. पाणी नाही, भाकर नाही. भुताचं झाड म्हणून हिवराखाली आपण भर दुपारी टेकत नाही, आणि ह्यानं तिथं मुकं जनावर बांधलं! अन् मागं न बघता चालायला लागला.

समोर गावचे दिवे. दिव्यांवर नजर ठेवून चालला. चालला, चालला... आणि पुढ्यात काय? हिवर! खाली कुत्रं, टक लावून बघतंय.

पुन्हा निघाला. पुन्हा हिवर. चपला उलट्या पायांत घातल्या, कुलदैवताचं नाव घेतलं, निघाला. पुन्हा हिवर! हां, आता कळलं तुम्हाला. चकवा. त्यालाही कळलं, आणि दरदरून घाम सुटला.

तेवढ्यात कोकरू ओरडलं. कुत्रं ताडकन उठलं. आवाज साखळीच्या जरा पुढं, हातभर पुढं. कुत्रं ओढ घेई आणि पट्टा मानेच्या मांसात रुते. अन् मग आवाज बदलला.

"पप्पा, माझ्या पायात काटा मोडलाय."

पिंकी! पोर घरात झोपलीय, त्याला माहीत होतं बरं का! पण बापाचं काळीज थोडंच ऐकतंय? धावला. कुत्र्यानं मागनं विजार धरली. वाचवायला धरली की राग काढायला, त्याचं त्यालाच ठाऊक. ह्यानं लाथ घातली, शिवी घातली, पण कुत्रं सोडेना. सर्जेराव तोंडावर आपटला आणि त्याचे दोन्ही हात खाली लोंबले. खाली जमीनच नाही! कडा होता तो.

मान वर केली. कड्याच्या पलीकडं, अधांतरी, पांढरं कोकरू. मागच्या दोन पायांवर उभं. उंच उंच होत चाललेलं! आणि सर्जेरावाच्याच आवाजात ते कुत्र्याला बोलवायला लागलं, "ये, ये, हिकडं ये." कुत्र्यानं कानसुद्धा हलवला नाही. त्या आवाजानं त्याला कधी मायेनं हाक मारलीच नव्हती. मग खरा सर्जेराव ओरडला, "आरं, माझ्याकडं ये!" तरी नाही. त्याला दोघंही सारखेच परके. ऐकताय ना?

सर्जेरावानं पट्टा सोडला. वाटलं, आता गळा धरतंय. कुत्र्यानं त्याच्याकडं बघितलंही नाही. वाऱ्याला नाक लावलं आणि उतारानं सुटलं. सर्जेराव पडत-झडत त्याच्या मागं. आणि सर्जेरावाच्या मागं तो आवाज. "पप्पा, मला टाकून चालला व्हय? पप्पा, मला टाकून चालला व्हय?" मानेवर गार श्वास लागतोय!

खाली मायाप्पा धनगराची मेंढरं बसली होती, भोवती जाळं लावलेलं. कुत्र्यानं जाळ्यावरनं आत उडी घेतली. सर्जेराव जाळ्यात अडखळून मेंढरांत कोसळला. आणि कुत्रं फिरलं! मेंढरांना पाठीशी घालून अंधाराकडं असं भुंकलं, असं भुंकलं, की मायाप्पाची कुत्रीही शेजारी येऊन उभी राहिली. भूत जाळ्याशी थांबलं. पहाटेपर्यंत बाहेरून घिरट्या घातल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. कुत्रं मेंढरांसाठी उभं राहिलं होतं. सर्जेराव मेंढरांत पडला होता म्हणून जगला, एवढंच.

उजाडलं. मायाप्पानं कुत्र्याच्या मानेची जखम बघितली, हळद भरली.

"ह्याला राखाया काय दिलं व्हतंस?"

"गेट."

"गेटाला लांडगा खातोय व्हय रं?"

सर्जेराव खाली मान घालून रडला. जाताना म्हणाला, "तुमच्यातच ऱ्हाऊ द्या." वळून बघितलं, तर कुत्रं मेंढरांत झोपलं होतं.

तेव्हा ज्याच्याकडं राखायला काही नाही त्यानं राखणीचं कुत्रं आणू नये. आणलंच, तर त्याला काम द्या, माया द्या, रानात फिरवा. सर्जेराव पुढं पुष्कळ जगला, पण दिवस मावळला की कानांत बोळे घालून बसायचा. तो गेला तेव्हा मीही खांदा दिलाय. सांज झाली होती. तिरडी उचलली, आणि खिंडीकडनं बारक्या पोरीची हाक आली, "पप्पा, मला टाकून चालला व्हय?" पिंकी माझ्या शेजारी उभी होती, दोन लेकरांची आई, तोंडाला पदर लावून. ती बोलली नव्हती.

जाऊ नका रे त्या वाटेनं.