आत्याच्या गुडघ्यावरची निर्गुडी

अरे, चहा ठेवा खाली, आधी हे ऐका!

आमच्या लॅबमधलं काम तुम्हाला माहितीच आहे. रक्तवाहिनीच्या पेशी डिशमध्ये वाढवायच्या, रसायन घालून त्यांना सूज आणायची आणि कुठल्या झाडाच्या अर्कानं ती उतरते ते बघायचं. मी निर्गुडी घेतली, कारण तेर गावी आत्याच्या शेताच्या बांधावर ती हवी तेवढी आहे. आत्यानं पाला वाळवून एसटीनं पाठवला. तीनदा प्रयोग केला, सूज तसूभर हलेना. सर म्हणाले, "निर्गुडी सोड आता."

मी वैतागून फोन लावला.

"आत्या, पाला कुठला पाठवला तुम्ही?"

"आपल्याच बांधावरचा की. लई गुणाचा हाय. बघूनच पाठवला म्या."

"बघून म्हणजे?"

"उकळून गुडघ्याला बांधला दोन दिवस. दुसऱ्याला द्यायची चीज, गुण बघितल्याबिगर कशी द्यावी? मग वाळवला."

मी कपाळावर हात मारला. सगळा गुण आत्याच्या गुडघ्याला, आणि आमच्या पेशींना नुसता चोथा!

दुसऱ्याच दिवशी तेर गाठलं, ताजा पाला माझ्या हातानं तोडला, सावलीत वाळवला आणि पुन्हा प्रयोग लावला. आणि काल, अरे, खरंच उतरली रे सूज! मी लॅबमधूनच फोनवर ओरडले, "आत्या, सूज उतरली!"

तिकडून शांत आवाज आला, "माझी तर पहिल्याच पाल्याला उतरली व्हती. तवाच इचारायचं न्हाय का मला?"