सर सांगतात तेवढं वय

—बसा हो कोचसाहेब, दातांच्या एक्स-रेकडे डोळे वटारले म्हणून पोरीचं वय उतरत नाही. चौदा म्हणे! कोण, ही? उजेडासमोर बघा — ही खालची अक्कलदाढ, ही पलीकडची, वर तशाच दोन. मुळं टोकापर्यंत भरलेली, टोकं बंद. चौदाव्या वर्षी ही मुळं जेमतेम फुटायला लागतात. काय? नाही, जन्मतारीख दात सांगत नाहीत, तेवढं मलाही कळतं — पण हिनं अठरा ओलांडली असणार, हे मी स्पर्धेच्या आयोजकांना लेखी देणार. अंगानं लहान दिसते? दिसेलच! तुम्ही तिला काय खायला घालता ते हिरड्या सांगतायत.

इतकी वर्षं चिमुरड्या पोरींबरोबर पळवलंत तिला — आणि पदकं तिनं जिंकली, तरी फोटो कुणाचे? तुमचे! मी तिला विचारलं, 'किती वर्षांची गं तू?' तर म्हणते, 'सर सांगतात तेवढी.' ऐकलंत? स्वतःचं वय — सर सांगतात तेवढं! म्हटलं, 'अगं, तू मोठी झालीस कधीच.' वाटलं, रडेल, स्पर्धा हुकली म्हणून. कसलं काय! ताडकन उठून बसली, छातीवर एक्स-रेचा तो जड एप्रन तसाच — 'म्हणजे सरांच्या सहीशिवाय घरी जाता येईल मला?'

मी असल्या भानगडीत पडत नाही हो. आपण बरं, आपलं काम बरं. पण सकाळी तुम्ही तिला इथं टाकून गेलात ते आत्ता उगवताय — तिनं फोन मागितला, मी दिला. तुम्ही तिचा काढून घेतलाय म्हणे, शिस्त म्हणून! आईचा आवाज ऐकला आणि पोरीनं फोन माझ्याच हातात कोंबला. मीच मग पत्ता सांगितला, तर ती बाई हातातलं काम टाकून तशीच धावत आली, घरचेच कपडे, केस—

म्हणजे... येईल. येईल, असं म्हणायचं होतं मला.

बरं, असू दे. कळलंच आहे तर ऐका. आतल्या खोलीत बसल्या होत्या दोघी, तुमच्या नाकाखालीच. तुम्ही माझ्याशी दाढांवरून हुज्जत घालत होतात ना, तेव्हा गेल्या मागच्या दारानं. नाही, पत्ता नाही देणार. ओरडू नका, बाहेर पेशंट आहेत. आणि मागे धावणार म्हणता? तुम्ही? तो जिना चढून आलात तर पाणी मागितलंत मघाशी!

निघा. दार लावून घ्या.